कॅलेंडरच्या पाठीवरचा सेनापती

मित्रांनो, तुम्ही नट पुष्कळ पाहिले असतील, पण माझ्यासारखा पाहिला नसेल. मी जुना नट आहे, मात्र हाडामांसाचा नाही. काळ्या रंगाच्या चार फटकाऱ्यांचा आहे. बहात्तर कागदांवर मला बहात्तर वेळा काढलेलं आहे. ते कागद अंगठ्याखालून भरभर सोडले की मी चालू लागतो, तलवार उपसतो, हात वर करतो. अंगठा थांबला की मीही थांबतो. स्वतःच्या बळावर मला बोटही हलवता येत नाही. पण ज्यांनी मला हलवलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणून तर आज बोलायला बसलो आहे.

माझा जन्म १९८३ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिचटोला गावचा. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, संपली की जंगल सुरू, असं ते गाव. मला घडवलं खुशालभाऊंनी. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि गावच्या नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा कणाच. इथले नट दिवसभर शेतात राबतात. पाठांतराला वेळ कोणाला? प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य फेकतो आणि नट ते झेलून प्रेक्षकांना ऐकवतो. बारा वर्षं हेच केल्यामुळे खुशालभाऊंना सगळं नाटक तोंडपाठ झालं होतं. ते नाटक होतं एका राजाचं आणि त्याच्या इमानी सेनापतीचं.

सेनापतीचं काम कोलूचं. कोलू जंगलकाठच्या गोंड घरातला, अंगानं उंच आणि आवाजानं त्याहून उंच. दहा वर्षं तेच काम केल्यामुळे त्याचे संवादही त्याच्या जिभेवर बसले होते. पण एका पावसाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला तेव्हा त्याचे कान गेले होते. त्या वर्षीच्या मंडईला तो हट्टानं रंगमंचावर उभा राहिला. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे येतात आणि रात्री नाटक असतं. राजाचं बोलणं कधी संपलं ते कोलूला कळेना. तो मध्येच सुरू झाला. राजा गप्प झाला तर हाही गप्प. लोक हसले. कोलूनं अर्ध्यातच पत्र्याची तलवार खाली ठेवली आणि तो घरी निघून गेला. पुढे कित्येक महिने तो कोणाशी धड बोलला नाही.

पुढच्या दसऱ्याला तो खुशालभाऊंच्या ओसरीवर येऊन बसला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. "खुशालभाऊ, बोलाचं काय थे मले समजते. कवा बोलाचं थे समजत नाई. कायतरी दाखवा मले. ह्या मंडईले नाई उभा रायलो, त मंग मी कवाच उभा रायणार नाई."

खुशालभाऊ शाळेत असताना मागच्या बाकावर बसून वहीच्या पानापानांवर पळता बैल काढायचे आणि त्यासाठी भरपूर मार खायचे. तो मार त्या दिवशी कामी आला. त्यांनी दुकानादुकानांतून जुनी कॅलेंडरं मागून आणली, त्यांचे हातभर चौकोन कापले आणि दाभणानं एका बाजूला शिवून टाकले. मग पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मला उतरवलं. माझ्या पोटामागे मार्च महिना आहे आणि एका पायामागे बिडीची जाहिरात, पण सेनापतीनं असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

युक्ती सोपी होती. राजा बोलत असेपर्यंत मी हाताची घडी घालून उभा. त्याचं बोलणं संपलं की खुशालभाऊ अंगठा सोडणार, मी हात वर करणार आणि कोलू बोलू लागणार. ओसरीवर हे इतकं छान जमलं की कोलू लहान पोरासारखा हसत सुटला. त्या हसण्यानं मी नट झालो, असं मला आजही वाटतं.

तालमीच्या दिवशी मात्र आमची फजिती झाली. खुशालभाऊ नेहमीप्रमाणे विंगेत उभे राहिले. त्यांनी दुसरीकडे कुठे उभं राहायचं असतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कोलूचं प्रत्येक वाक्य वेळेवर आलं, पण डोळे माझ्यावर असल्यामुळे तो सगळं विंगेकडे तोंड करून बोलला. समोर बसलेल्यांना दिसली ती फक्त त्याची पाठ.

मंडळाचे अध्यक्ष बापूराव माणूस म्हणून वाईट नव्हते, पण गावाच्या नावाला जपणारे होते. ते उठून म्हणाले, "पाहुणे काय कोलूची पाठ पाह्याले येतीन? त्याले राहू द्या आता. मी वडश्याच्या नाटक कंपनीतला नट आणतो."

कोलूला शब्द ऐकू आले नाहीत, पण सगळ्यांनी माना खाली घातलेल्या दिसल्या. त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागे बसलेली त्याची बायको सोमारी उठली.

"तो खुशालभाऊकडंच पाहून बोलते नं?" ती म्हणाली. "मंग खुशालभाऊलेच समोर बसवा. माह्या माणसाले काऊन हटवता?"

"आन बाकीच्या नटायले खुशालभाऊ ऐकू कसा येईन?"

"त्यायले धडधाकट कान हायेत, बापूरावभाऊ. थोडे टवकारतीन."

सगळे हसले, बापूरावही हसले. खुशालभाऊ विंगेतून निघाले, रंगमंचाखाली उतरले आणि पेटीवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी मला छातीशी धरलं. कोलूनं मला शोधलं, आणि त्याचं तोंड आपोआप लोकांकडे वळलं.

मंडईच्या रात्री मी गॅसबत्तीच्या उजेडात, पहिल्या रांगेच्याही पुढे होतो. राजानं सेनापतीवर फितुरीचा आळ घेतला. मी घडी घालून थांबलो आणि कोलूही थांबला. राजाचं बोलणं संपलं. मी तलवार खाली टाकून हात वर केला. कोलूनं तलवार राजाच्या पायाशी टाकली आणि आपलं लांबलचक भाषण एका दमात म्हटलं. एक शब्द मागेपुढे झाला नाही. माणसं चिडीचूप बसून ऐकत होती.

भाषण संपलं आणि लोक उठून उभे राहिले. "वन्स मोर! वन्स मोर!" मांडव दणाणून गेला. कोलूला माणसं उभी राहिलेली दिसली, त्यांची तोंडं हलताना दिसली. तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला. आपलं काय चुकलं, हे मला विचारत होता बिचारा. आणि मित्रांनो, पुन्हा एकदा म्हण, असं सांगणारं चित्र बहात्तर कागदांत एकही नव्हतं. असं काही मागितलं जाईल, हे खुशालभाऊंच्या मनातच आलं नव्हतं.

मग त्यांनी कागद शेवटाकडून सोडायला सुरुवात केली. मी उलटा चालू लागलो. वर गेलेला हात खाली आला, टाकलेली तलवार माझ्या मुठीत परत आली, आणि मी पुन्हा घडी घालून उभा राहिलो. कोलू बघत राहिला. मग त्याला कळलं. त्यानं वाकून राजाच्या पायाजवळची तलवार उचलली. त्याचे डोळे भरून आले होते. सगळं भाषण त्यानं पुन्हा म्हटलं, आणि पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं.

त्यानंतर चार मंडया आम्ही गाजवल्या. मग मंडळ बाहेरच्या नाटक कंपन्या बोलावू लागलं आणि मी सामानाच्या पेटीत पडलो. तिथे वाळवीनं माझे अकरा कागद खाल्ले. एक दिवस सोमारी मला शोधत आली, पदरानं झटकून घरी घेऊन गेली. आता चालताना मी मध्येच उडी घेतो, पण कोलू रोज संध्याकाळी मला एकदा तरी चालवतो. माझी कसलीही तक्रार नाही. रद्दीत जाणाऱ्या कागदाला इतकं कुठे मिळतं?

मित्रांनो, जुने कागद, जुन्या वह्या टाकण्याआधी एकदा उलटून पाहत जा. एवढं मी माझ्यासाठी मागतो. आणि कोलूसाठी एक मागतो. एखाद्याला जमत नाही असं वाटलं, तर त्याच्या जागी दुसरा आणण्याआधी आपली जागा सोडा, आणि त्याच्या समोर जाऊन बसा.