बोबो सार्जंटचा गुलाम

सार्जंट क्लारीस मिलोगो बनफोरा रस्त्यावरची चौकी आठ महिने सांभाळत होती, आणि आपल्याला माणूस ओळखता येतो याबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती. वरच्या साहेबांना कागद लागत, तिला माणसाचं तोंड पुरत असे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या बसमधून शिपायांनी एका तरुणाला उतरवलं. डोक्यावर गवताची टोकदार टोपी, अंगात धुळकट झगा आणि ओळखपत्राचा पत्ता नाही. नाव येरो सिदिबे, फुला जमातीचा गुराखी. गाव जळालं त्यात कागद जळाले, असं त्याचं म्हणणं. मोटारसायकलींवरून येऊन गावं जाळणाऱ्या बंदूकवाल्यांत फुला पोरंच जास्त, अशी बोलवा होती, त्यामुळे लोक हल्ली सगळ्याच फुलांकडे तिरक्या नजरेने बघत. गेल्याच आठवड्यात चौकीतले दोन शिपाई त्या बंदूकवाल्यांनी मारले होते. त्यांतला एकजण क्लारीसच्या हाताखालच्या कॉर्पोरल नाकुल्माचा जिवलग होता. नाकुल्माचं बोट बंदुकीच्या चापावरून हलत नव्हतं.

"सार्जंट, बाराला कैद्यांचा ट्रक येतोय. द्या याला पाठवून," तो म्हणाला.

ट्रकमधून गेलेल्या माणसाची चौकशी महिनोन्‌महिने चाले, आणि कधीकधी माणूसच सापडत नसे. क्लारीसला पोराकडे पाहताच कळलं होतं की हा नुसता भेदरलाय. पण नाकुल्माला ते कसं पटवायचं?

तिला उपाय ठाऊक होता. ती बोबो, हा फुला. या दोन जमातींचं नातं पणजोबांच्या काळापासून थट्टेचं. भेटल्याबरोबर एकमेकांना गुलाम म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, जो रागावेल तो हरला. आणि अशा सोयऱ्यावर कुणी हात उचलला तर सगळा मुलूख त्याच्या तोंडात शेण घालणार. नाकुल्मा मोसी जमातीचा, त्यांचं सामो जमातीशी असंच थट्टेचं नातं, म्हणजे रिवाज त्यालाही ठाऊक होता.

"काय रे गुलामा!" क्लारीस कमरेवर हात ठेवून ओरडली. "आई मेली तर गप्प आणि गाय मेली तर छाती पिटणारी तुमची जात! मालकिणीला सलाम कुणी करायचा?"

"हो मॅडम," येरो मान खाली घालून पुटपुटला. "चुकलं मॅडम. माफ करा."

बसमधली डोकी खिडक्यांबाहेर आली. बोबोने गुलाम म्हणावं आणि फुलाने माफी मागावी?

"बघा! हा आपल्याकडचा नाहीच," नाकुल्मा म्हणाला, आणि त्याची बंदूक वर आली.

पोराला वाचवायला टाकलेला डाव त्याच्याच गळ्याशी आला होता. पण अर्ध्यावर डाव सोडणाऱ्यांतली ती नव्हे. बंदूक आणि पोर यांच्यामध्ये ती सरळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरची टोपी तिने हिसकावून घेतली.

"ही जप्त! माझ्या कोंबडीला अंडी घालायला जागा हवीच होती."

येरोची मान झटक्यात वर आली.

"ठेव ती! माझ्या बापाची आहे!" त्याचा आवाज फाटला. "कुत्र्याचं कालवण ओरपणारे तुम्ही! तुझा आजा बाजरीची दारू ढोसून आमच्या गोठ्यात लोळायचा, तेव्हा माझ्या आजीने त्याला शेणासकट झाडून बाहेर काढला होता!"

मग नाकुल्माच्या नाकातून फुर्रकन आवाज आला.

"शेणासकट!" तो म्हणाला, आणि पोट धरून हसत सुटला. बस हसली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बंदुकीची नळी कधी जमिनीकडे वळली, ते नाकुल्मालाही कळलं नाही.

क्लारीसने टोपी परत केली, कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'येरो सिदिबे हा माझा गुलाम आहे. याला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.' खाली सही ठोकून चौकीचा शिक्का मारला. पुढच्या तिन्ही नाक्यांवर तिला सगळे ओळखत होते.

कागद घेताना येरो रडत होता.

"आता काय? गाय मेली?"

"नाही," तो म्हणाला. "गाव सोडून तीन महिने झाले. जो तो चार हात लांब उभा राहून अदबीने बोलतो. शिवी कुणीच देत नव्हतं गं."

नाकुल्माचं हसू ओसरलं. तो बुटांकडे बघू लागला.

"मग परत येताना याच रस्त्याने ये," क्लारीस म्हणाली. "मला अजून पुष्कळ शिव्या येतात."