आकाशातलं नाव

जावईबापू खाटेच्या कडेला बसून मोबाइलवरची बाळाची नावं वाचत होते आणि विहीणबाई कौतुकानं मान डोलावत होत्या. आजीला मात्र त्या दोघांची शिसारी आली. तिची ओली बाळंतीण लेक उठून बसायला धडपडत होती, पण दोघांपैकी कुणी तिला हात देईना, की तुझ्या मनात काय आहे म्हणून विचारीना.

"उल्काच ठेवू," जावई म्हणाले. "एकदम अंतराळातलं! ग्रुपवर सगळ्यांना आवडलंय."

"जळत खाली पडणारा दगड तो," आजी म्हणाली. "आणि त्या ग्रुपातल्या कुणी कळा सोसल्या हो?"

लेक हळूच म्हणाली, "मला चित्रा ठेवायचंय. तोही आकाशातलाच तारा आहे."

"शी! हे अगदीच बायकांचं नाव झालं," विहीणबाईंनी नाक मुरडलं.

"मग मुलगी काय रॉकेट आहे?" आजी म्हणाली.

जावयांचं बोट पुन्हा मोबाइलवर फिरू लागलं. आजीला ते बोटही बघवेना. तिनं बाळ उचलून लेकीच्या कुशीत दिलं. "मार गं हाक."

"चित्रा," लेक म्हणाली.

"ऐकलंत ना?" आजीनं दार उघडून धरलं. "आता बाहेर जा आणि ग्रुपला कळवा, नाव ठरलं म्हणून."