सहाशे खापरं

चीर गेलेली कुंडी आत्यानं दगडी पायरीवर हलकेच आपटली. तिची वीस-बावीस खापरं झाली. भाचीनं ती गोळा केली, बोटाला लागू नयेत म्हणून कडा दगडावर घासून घेतल्या आणि कोळशाच्या तुकड्यानं एकेका खापरावर एकेक शब्द लिहायला बसली. सोमवारी तिची इतिहासाची चाचणी होती. प्राचीन ग्रीक आणि रोमन. शब्द वीस, अर्थासह.

वही असताना खापरं कशाला, असं तिनं विचारून पाहिलं होतं. आत्या शाळेत इतिहास शिकवते, तेव्हा उत्तर तिच्या पदरी तयारच होतं: वहीतला शब्द वहीतच राहतो, हातात धरलेला डोक्यात जातो. खरं कारण वेगळं होतं. तीस वर्षांपूर्वी याच पायरीवर, अशीच खापरं मांडून तिनं हेच शब्द पाठ केले होते, आणि दर रविवारी माहेरच्या अंगणात पाय ठेवला की तिला ते दिवस मातीच्या वासाबरोबर येऊन चिकटत.

दादा, म्हणजे भाचीचा बाप, तेव्हाही आजच्यासारखाच छपरीत, पाठमोरा कुंभाराच्या चाकावर बसलेला असायचा. घोकून घसा सुकला, की ती आईच्या अंगाईच्या चालीवर ग्रीकांना गुंफायची:

अगोरा गं बाई, गावाचा बाजार,
भांडणं हजार, भाजीसंगं.

दादाचं चाक त्या चालीवर फिरायचं. सातवीत शाळा सुटलेला माणूस, पण मध्येच असं काही बोलून जायचा की अर्थ जन्मात विसरू नये. रोमचे उमराव पॅट्रिशियन म्हणजे मडकं वाजवून घेणारे आणि सामान्य प्लेबियन म्हणजे मडकं घडवणारे, हे त्याचंच. अँफोरा म्हणजे दोन कानांचा रांजण, हे कळल्यावर तर तो रुसलाच होता. एवढ्यासाठी पुस्तक कशाला उघडलंस, मला विचारायचंस की, म्हणाला होता.

भाचीनं एक खापर उचललं आणि अडखळत वाचलं.

"ऑस्ट्रासिझम. आत्या, हे जिभेवर बसतच नाही."

"बसेल. ऑस्ट्राकॉन म्हणजे खापर. तुझ्या हातात आहे तेच."

आत्यानं समजावून सांगितलं. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा जमायचे. जो माणूस गावाला डोईजड झाला असं वाटे, त्याचं नाव खापरावर कोरून टाकायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो गावाबाहेर.

"म्हणजे त्याच्यावर खापर फोडायचे," भाची म्हणाली आणि आपल्याच शब्दावर हसली. "आणि त्याची काही चूक नसली तर?"

"चूक लागायचीच नाही. नाव पुरे."

"हा तर शुद्ध अन्याय झाला."

आत्यानं पायरीवरची माती हातानं झटकली. तिथं माती नव्हती.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी तिला एक खूळ सुचलं होतं. कोळशानं लिहिलेलं पुसतं. पूर्वीच्या लोकांसारखं ओल्या मातीत कोरून भाजलं, तर जन्मभर टिकेल. तिनं चार पाट्या थापल्या, तारेच्या टोकानं शब्द नि अर्थ कोरले आणि भट्टी भरली जात असताना कुणाचं लक्ष नाही असं पाहून तोंडाशीच सरकवल्या. भट्टी निवायला दोन दिवस लागतात, हे कुंभाराच्या लेकीला का ठाऊक नव्हतं? पण दुसऱ्या दिवशी पेपर होता. दादा जेवायला घरात गेलेला पाहून भर दुपारी तिनं भट्टीच्या तोंडाच्या चार विटा काढल्या. आत हात घालवेना इतकी धग. गार वारा मात्र आत शिरला आणि टण्, टण्, टण् असा आवाज खालपासून वरपर्यंत चढत गेला. तिनं विटा लावल्या आणि पळाली.

सगळा माल तडकला. विटा हललेल्या तिच्या बाबांनी पाहिल्या. ज्याच्या राखणीला भट्टी, त्याची घाई, असं म्हणून ते दादाशी बोलेनासे झाले. दादानं एकट्यानं भट्टी रिकामी केली. पाट्या सापडल्याची हाक येईल म्हणून ती दाराआड जीव मुठीत धरून उभी होती. हाक आली नाही. त्याही भुगा होऊन गेल्या असतील, असं तिनं मनाला सांगितलं. चौथ्या दिवशी दादा दूरच्या कौलांच्या कारखान्यात निघून गेला. आठ वर्षांनी, बाबांचे हात कापू लागल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा आपणहून आला आणि काही न बोलता चाकावर बसला.

खरं सांगितलं असतं, तर तिची शाळा त्या दिवशीच संपली असती. आज जी ती आहे, ती त्या एका न बोललेल्या वाक्यावर उभी होती. ते वाक्य ती दर रविवारी घेऊन येई आणि तसंच परत नेई.

"आत्या, लक्ष कुठं आहे? कमीत कमी किती खापरं लागायची?"

"सहाशे," छपरीतून दादा म्हणाला.

भाची खिदळली. "बाबा, सहा हजार. पुस्तकात बघ."

"असेल. मी वाचलं तिथं सहाशेच होतं. दहा वर्षं हद्दपार, घरदार ज्याचं त्याला, खापरं सहाशे."

आत्याचा हात हवेतच राहिला. तेव्हा कोरताना पाटीची कड आली होती. तिसरं शून्य मावलं नव्हतं. आपल्याला माहीत आहे, मग काय, असं म्हणून तिनं ती तशीच भट्टीत सरकवली होती. ती पाटी भट्टी रिकामी करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी पाहिलीच नसणार.

ती उठली आणि छपरीच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"दादा, भट्टी मी उघडली होती."

चाक फिरत राहिलं.

"हं," दादा म्हणाला. "विटा उलट्या लावल्या होत्यास. काजळीची बाजू बाहेर."

भाची एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. कुठली भट्टी, तिनं विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही. मग तिला जेवढं कळलं तेवढ्यावर तिनं विचारलं, "मग बाबा, तू आजोबांना सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी हिचा पेपर होता ना."

आभाळ आलंय म्हणावं, तसं म्हणाला. दोऱ्यानं मडकं चाकापासून कापलं, दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवलं, आणि तेवढ्यात पहिल्यांदाच वळून बहिणीकडे पाहिलं. डोळ्यांत जुनी खोडी होती.

"दहाचा नेम होता. मी आठातच आलो. तुझ्या ग्रीकांनी चालवून घेतलं असतं का गं?"

याचं उत्तर तिला येत होतं. दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी हे विचारतंच.

"बोलावलं, तर आधीही येता यायचं, दादा."

दादानं मातीचा नवा गोळा घेतला. तो हातात नुसताच धरून बसला.

पायरीवर भाचीनं खापर उलटं केलं आणि हे पुस्तकात नाही, असं पुटपुटत मागच्या बाजूला कोळशानं लिहून घेतलं: बोलावलं तर आधी येता येतं.