वायफायचा ठराव

स्वातंत्र्य मागून मिळत नसतं, ते मिळवावं लागतं. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात, एका वस्तीच्या क्लबात हे वाक्य कापडी फलकावर लिहून भिंतीला टांगलेलं होतं आणि त्याच्याखाली नेलिदा दुपारपासून वायफायची वाट बघत बसली होती.

सकाळी तिचा लॅपटॉप चालत होता. रखडत, पण चालत होता. संध्याकाळी सहाला त्याच्यावरच तिची शालान्त परीक्षेची शेवटची तोंडी, भूगोलाची, ऑनलाइन होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षकांना तोंड दाखवायचं, तर मशीन जरा चपळ असावं, म्हणून ती लिनक्स ही सर्वांना खुली संगणकप्रणाली फुकट बसवून देणाऱ्यांच्या या मेळाव्याला आली. दामिआन नावाच्या हसतमुख स्वयंसेवकाने जुनं सगळं पुसलं, नवं बसवलं, आणि मग त्याचं हसू मावळलं.

"नेलिदाबाई, वायफायचं कार्ड आत आहे. पण हा त्याला ओळखत नाही."

"सकाळपर्यंत तर चांगली ओळख होती!"

"ड्रायव्हर लागेल, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. पण तो कंपनीचा, बंदिस्त. आपल्यात फक्त खुलं सॉफ्टवेअर चालतं."

"मग हेही चालवून घ्या की."

ते स्वयंसेवकांच्या सभेने ठरवायचं होतं. सभा लगेच भरली. येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरू लागला. अध्यक्ष ओरासिओ उठला. "साथींनो, आज एक बंदिस्त ड्रायव्हर आत घेतला, तर उद्या आपल्याकडे काय उरेल?"

"वायफाय," नेलिदा म्हणाली.

पाहुण्यांना बोलण्याचा अधिकार नसल्याचं तिला नम्रपणे सांगण्यात आलं.

ती दामिआनच्या कानाशी लागली. "बाळा, तुझ्या फोनवरून तो ड्रायव्हर उतरव ना गुपचूप."

"सभा चालू असताना? मला फुटीर म्हणतील."

"मग तासाभरासाठी तुझा लॅपटॉप दे."

"त्याच्यावर इतिवृत्त लिहितायत."

पाचच्या सुमाराला 'ओळखणे म्हणजे काय' यावर उपसूचना आली. नेलिदा मनात नद्यांची नावं घोकत होती; हळूहळू त्यांच्या जागी ओरासिओसाठी शिव्या येऊ लागल्या.

सहाला दहा मिनिटं असताना ठराव एकमताने मंजूर झाला: अडलेल्याच्या मशीनमध्ये बंदिस्त ड्रायव्हर घालू द्यावा. टाळ्या कडाडल्या. नेलिदानेही वाजवल्या आणि लॅपटॉप दामिआनपुढे सरकवला. त्याने हात लावला नाही.

"शेवटचं कलम ऐकलं नाहीत का तुम्ही?"

अंमलबजावणी पुढच्या वर्षीच्या मेळाव्यापासून होती.