पोटात पाणी राहिलेला पंप

मी एक जुना पंप आहे. गोल्फच्या मैदानाच्या कडेला, तळ्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. मित्रांनो, हसू नका, पण मी भित्रा आहे. अंग बिडाचं असलं म्हणून काय झालं?

कारखान्यात वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. तेव्हापासून तळ्याचं पाणी ओढून मैदानाला पाजतोय. खेळायला येणारे म्हणतात, "वा, काय गवत आहे!" माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण त्याचं मला काही नाही. मला भीती वाटते ती थंडीची.

पानगळ लागली की माळीमामा आणि मामी कामाला लागतात. ती दोघं नवराबायको फाटकाजवळच्या घरात राहतात. गवतावरची पानं ओढायची, नाहीतर खालचं गवत कुजतं. नळांत हवा सोडून पाणी बाहेर काढायचं. शेवटी माझ्या पोटाखालचं बूच उघडून मला रिकामं करायचं. कारण पोटात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि बीड फोडतं. माझ्या शेजारचा पंप असाच गेला. तो आवाज आठवला की आजही काळजात धस्स होतं.

काढलेलं बूच मामा तारेनं माझ्या बटणाला लटकवतात. बूच दिसलं की समजायचं, पंप रिकामा आहे, चालू करायचा नाही.

यंदाही मला रिकामं केलं, बूच लटकवलं. पण नंतर ऊन पडलं, गवत सुकायला लागलं. मामांनी मला पुन्हा चालू करायचं ठरवलं. जुनं बूच झिजलं होतं म्हणून नवीन बसवलं. आणि जुनं तसंच लटकत राहिलं!

मग एका दुपारी वारा एकदम बोचरा झाला. मामांची कंबर धरली होती, म्हणून मामी एकट्याच आल्या. त्यांनी लटकलेलं बूच पाहिलं. "झालंय वाटतं यांचं," असं म्हणून त्यांनी दाराला कुलूप घातलं.

माझी पाचावर धारण बसली. अहो मामी, पोट भरलेलं आहे माझं! पण ओरडणार कसा? अंधारून आलं तसं आतलं पाणी जड झालं. कडेनं बर्फ धरू लागला. आता फुटतो, मग फुटतो, असं झालं.

तेवढ्यात कुलूप वाजलं. मामींनी घरी लटकलेल्या बुचाचं सांगितलं असणार. मामा कंबर धरून आत आले, मागून कंदील घेऊन मामी.

"अगं, नवीन बूच बसवलं होतं मी!"

"मग जुनं काय शोभेला ठेवलंत?"

बूच हलेना. मामींनी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं. "हळू हं, एकदम तापलं तर तडकेल," मामा म्हणाले. अखेर बूच सुटलं. पाणी आलं, त्याबरोबर बर्फाचे तुकडेही आले. मामींनी माझ्या अंगावरून बोटं फिरवली.

"तडा लागत नाही हाताला. पण आतून?"

"ते आता थंडी सरल्यावर, पाणी भरलं की कळेल," मामा म्हणाले.

म्हणून मी अजून घाबरलेलाच आहे. मित्रांनो, एखादं काम झालंय असं नुसतं वरून पाहून ठरवू नका. जवळ जा, हात लावून बघा. आम्हांला हाक मारता येत नाही हो.