पाठीमागे गोरख

"वहिनी, अंगणात काठी सरळ फिरते म्हणून मैदानावरही फिरेल, असं धरून चालू नका," काकासाहेबांनी बजावलं, तेव्हा सुमनने हसून मान हलवली आणि त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. काकासाहेब साखर कारखान्याचे जुने इंजिनियर आणि कॉलनीतल्या गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी. ओसरीवरच्या खुर्चीत बसून त्यांनी नुकतंच तिला अंगणात काठी फिरवताना पाहिलं होतं. तिला वाटलं, बायकांचं कौतुक सरळ करवत नाही पुरुषांना, म्हणून मागे एक शेपूट जोडलं. पुण्याला राहून बी.एस्सी. झालेली सुमन असल्या शेपटांना भिणारी नव्हती. ती भ्यायची फक्त गोरखच्या बाबतीत.

गोरख तिचा मुलगा. दोन वर्षांचा, आणि पायाला भिंगरी लागलेला.

कारखाना श्रीरामपूरच्या अलीकडे. कधीकाळी कुणा हौशी मॅनेजरने कॉलनीमागच्या पडीक रानात नऊ होलांचं मैदान आखून ठेवलं होतं. हिरवळ नावाला नव्हती. होलाभोवती जळक्या तेलात कालवलेली वाळू पसरलेली असायची, आणि चेंडू ढकलायच्या आधी ती फळीने सारखी करून घ्यायची, हा तिथला रिवाज. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाट. पाटाला पाणी सुटलं की त्याचा आवाज पार सुमनच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

मैदानावर खेळायचे ते साहेबलोक. बायकांनी क्लबात यावं, पत्ते खेळावेत, हळदीकुंकू करावं. मैदानाचं नाव काढलं की कमिटी घसा खाकरायची. डॉक्टरांच्या मालनबाई मात्र पिच्छा सोडणाऱ्या नव्हत्या. "आम्हाला गुरुवारची सकाळ द्या. तेव्हा तुम्ही सगळे ड्यूटीवरच असता. मैदान काय झिजणार आहे?" असं त्या वर्षभर म्हणत राहिल्या. शेवटी कमिटीने तोडगा काढला. बायकांपैकी एकीने काकासाहेबांबरोबर नऊ होल खेळून दाखवायचे. मागून दोघे साहेब खेळत येतील. त्यांना तिच्यापायी खोळंबावं लागलं आणि 'आम्हाला पुढे जाऊ द्या' म्हणावं लागलं, तर विषय संपला. नाही लागलं, तर गुरुवार बायकांचा.

बायकांनी एकमताने सुमनचं नाव घातलं.

कारण दुपारी तिच्या अंगणातला तो सोहळा सगळ्यांनी पाहिला होता. ओसरीवर गोरख झोळीत झोपलेला असायचा. तिच्या सासूबाई, बनुबाई, झोळीची दोरी ओढत बसायच्या. त्यांच्याकडे पाठ करून, पदर खोचून सुमन चिंध्यांचा चेंडू मारायची. काठी मागे जायची, खांद्यावर क्षणभर थांबायची, आणि अशी खाली यायची की चेंडू समोरच्या भिंतीवर दरवेळी त्याच जागी आदळायचा. तिथला चुना उडून गेला होता. मालनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ती जागा दाखवायच्या, आपल्या घरचं बक्षीस दाखवावं तशी.

"शिकलेली हाय ना," बनुबाई म्हणायच्या. त्या मूळच्या नेवाशाच्या, शेतकरी घरातल्या. सुनेच्या हातात काठी बघून त्यांनी नाक मुरडलं नव्हतं. "आमच्यात बाया इळा चालवित्यात. ही काठी चालविती. हात चालल्याशी मतलब."

त्या सासूसुनेत भांडण असं कधी झालं नव्हतं. पण पावसाळ्यात एक गोष्ट घडली होती. दुपारची बनुबाईंची डुलकी लागली आणि जागा झालेला गोरख फाटकातून निघून पाटावर जाऊन बसला. पाय पाण्याकडे सोडून. एका दूधवाल्याने उचलून आणला. सुमन तेव्हा सासूला एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून जागा असलेला गोरख तिने आपल्या डोळ्यांपुढून हलू दिला नाही. भाकरी थापताना समोर, कपडे वाळत घालताना समोर. बनुबाईंना ते कळत होतं. त्याही बोलल्या नाहीत.

युद्ध संपून महिना झाला होता, क्लबाच्या खिडक्यांना ब्लॅकआउटसाठी चिकटवलेले काळे कागद अजून निघाले नव्हते, आणि उसाचं गळीत जोरात होतं. त्या गुरुवारी सकाळी मळीच्या वासात सगळी कॉलनी मैदानाच्या कडेला जमली. सुमनचे यजमान, राधाकृष्ण, लॅबोरेटरीत केमिस्ट. ते ड्यूटीवर जाता जाता एवढंच म्हणाले, "भिंत समज आणि मार." सुमनने कॅनव्हासचे बूट घातले होते, वेणी वर बांधली होती. बनुबाईंना तिने सांगितलं, "आत्या, तुम्ही गोरखला घेऊन पुढे त्या बाभळीखाली बसा. म्हणजे मला दिसाल."

"पुढं? आन चेंडू आमच्या टकुऱ्यात बसला म्हंजी?"

"बाजूला आहे ती बाभूळ. नाही बसणार."

बनुबाई नातवाला कडेवर घेऊन पुढे जाऊन बसल्या. सुमनने आधी दोनदा नुसती काठी फिरवली. काय फिरली! पाठीमागे उभ्या साहेबांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहून भुवई उंचावली. मालनबाईंनी ते टिपलं आणि छत्री उगीच गोल फिरवली.

मग ती चेंडूपुढे उभी राहिली आणि मारला. मातीचं ढेकूळ उडालं. चेंडू लाजल्यासारखा थोडा सरपटला आणि थांबला.

"होतं असं पहिल्याला," काकासाहेब म्हणाले.

दुसऱ्या होलाला चेंडू उसात गेला. तिसऱ्या होलाला काठी चेंडूच्या टाळूला घासून गेली. दर वेळी आधी हवेत फिरवलेला हात देखणा, आणि चेंडू आला की त्याच हाताला जणू लकवा. मागचे साहेब काठ्यांवर रेलून उभे राहू लागले. एकाने सिगरेट पेटवली.

"सुमन, अगं ती अंगणातली तू कुठे गेलीस?" मालनबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मला तरी काय माहीत. घरीच राहिली असेन."

तिला रडू येत होतं. स्वतःचं हसं झालं असतं तरी ती सोसणार होती. पण मागे पंधरा-वीस बाया इस्त्रीची लुगडी नेसून उन्हात चालत होत्या, आणि त्यांचे गुरुवार तिच्या मनगटात अडकले होते. ती मनाशी सगळं घोकत होती, पाय खांद्याइतके लांब, पकड सैल, डावा हात सरळ. सगळं तर बरोबर होतं.

चौथं होल पाटाच्या कडेने जात होतं. बनुबाई गोरखला घेऊन दर होलाला पुढे जाऊन बसत होत्या. इथे त्या बसल्या ते पाटाच्या भरावापासून दूर, एका दगडावर. सुमनने मारला. चेंडू फटकन वाकडा उडून कुठेतरी गेला.

"कुठे गेला, पाहिलात?" काकासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"काहीच नाही? डावीकडे, उजवीकडे?"

"खरंच नाही पाहिलं. गोरखने डावी चप्पल काढली. आता उजवी काढतोय. काढून फेकणार तो."

काकासाहेबांनी पुढे पाहिलं. लांब दगडाजवळ गोरख उजवी चप्पल काढत होता. त्याने ती फेकली. मागच्या बाया खळखळून हसल्या. सिगरेटवाला साहेबही हसला. सुमन हसली नाही. ती तशीच उभी राहिली, कारण तिला आत्ता कळलं होतं की सकाळपासून तिने एकही चेंडू पाहिलेला नाही. काठी वर जाईपर्यंत नजर खाली असायची. खाली येताना मान आपोआप उठायची आणि गोरखला हुडकायची. अंगणात गोरख झोळीत असायचा, झोपलेला, आणि पाठीमागे. तिथे हुडकायला काही नव्हतं.

"वहिनी," काकासाहेब चाचरत म्हणाले, "मला सांगायला बरं वाटत नाही. पण आता पुढचाही असाच गेला, तर मागच्यांना वाट द्यावी लागेल."

"एक मिनिट द्या मला."

ती चालत दगडापर्यंत गेली. वाटेत तिने चप्पल उचलली आणि गोरखच्या पायात घातली.

"आत्या, तुम्ही इथे नका बसू. माझ्या मागे या. मी मारीन तिथे, माझ्या पाठीशी."

बनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. पाणी भरावाला लागून वाहत होतं.

"तुला दिसनार न्हाई आमी."

"माहीत आहे."

"ह्यो झोपलेला न्हाई, सुमन. जागा हाय. हात सोडवून पळतंय."

"तुम्ही आहात ना."

 बनुबाईंनी लुगड्याचा पदर कमरेला करकचून आवळला, नातवाला उचललं आणि म्हणाल्या, "चल. मागं म्हंजी किती मागं ते दाव. काठी बसंल न्हाई तर."

चेंडू पाटाच्या अलीकडे गवतात सापडला. सुमन त्याच्यापुढे उभी राहिली. पाठीमागे पाण्याचा आवाज होता.  गोरख काहीतरी मागत होता आणि बनुबाई त्याला हळू आवाजात काही सांगत होत्या, काय ते नीट ऐकू येत नव्हतं. मग आवाज थांबला. तो का थांबला, हे वळून पाहावं असं तिच्या सगळ्या अंगाला वाटलं. तिने चेंडूवरचा मातीचा एक ठिपका नजरेने धरला आणि काठी मागे नेली.

खाली आलेली काठी तिला जाणवलीच नाही. चेंडू होता तिथे आता मोडलेली गवताची काडी होती आणि ती त्या काडीकडे बघत उभी होती.

"गोरख?" तिने मान न उचलता विचारलं.

"हाय की हितंच," मागून बनुबाई म्हणाल्या. "माझी तुळशीची माळ चघळतंय."

"मग बॉल कुठाय?"

आता तिने वर पाहिलं. काकासाहेब कपाळावर हात धरून लांब बघत होते. तेलाच्या वाळूचा काळा गोल दूर दिसत होता आणि त्याच्या अलीकडे, अगदी कडेला, एक पांढरा ठिपका थांबलेला होता.

"भिंत फुटली असती आज," मालनबाई म्हणाल्या.

त्यानंतर सगळंच काही सोन्यासारखं झालं असं नाही. सहाव्याला चेंडू पाटात गेला आणि वाहत नेवाशाच्या दिशेने निघून गेला. पण मागच्या साहेबांना पुन्हा थांबावं लागलं नाही. सातव्याला तर उलट झालं, त्यांचाच चेंडू उसात हरवला आणि सुमनला ओरडून विचारावं लागलं, तुम्ही येताय ना? दर होलाला बनुबाई कमरेला पदर बांधून तिच्या मागे उभ्या. सुमनने एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटच्या होलाची वाळू तिने फळीने सारखी केली, आणि चेंडू आत गेला.

काकासाहेबांनी टोपी काढली. "गुरुवार तुमचा," ते म्हणाले. "आणि वहिनी, मी सांगितलं होतं ते खरं होतं. पण तुम्हीही खोट्या नव्हतात."

बायांनी सुमनला घेरलं. सुमनने मात्र घोळक्यातून वाट काढली आणि सासूजवळ गेली. गोरख बनुबाईंच्या खांद्यावर झोपून गेला होता. त्यांनी तो द्यायला हात पुढे केले.

"राहू द्या तुमच्याकडेच," सुमन म्हणाली. "मी काठ्या घेते."

बनुबाईंनी त्याला पुन्हा खांद्यावर सरकवलं आणि डॉक्टरांच्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "माझी सून हाय ती. नेवाशाकडची."

सुमन खरं तर संगमनेरची. कुणी दुरुस्ती केली नाही.

आता गुरुवारी सकाळी मैदानावर रांग लागते, आणि मालनबाई नव्या बायांना आधी विचारतात की पोर कुणाकडे ठेवलंय. पण बनुबाई ज्वारीच्या काढणीला म्हणून नेवाशाला गेल्या आहेत. गुडघे धरलेले, तिथल्या घरात दुसरं कुणी नाही, आणि बोलावलं तर "पीक निघू दे" म्हणतात. सुमनने गोरखला घेऊन एस.टी.ने निघायचं तर त्याला गोवर उठलाय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर बाजारपेठेच्या मागे नदीकडच्या गल्लीत बनुबाईंच्या घरी जरा डोकावून या. सुमनने पाठवलंय म्हणू नका, त्या "मला काय धाड भरलीय" म्हणून वाटेला लावतील. सहज आलो म्हणा, पाणी मागा, आणि आत चूल पेटलेली आहे की नाही तेवढं बघून या.