मोरालेसला निवृत्त करताना

लुबनाचा बेसबॉलचा संघ मोबाइलमध्ये राहायचा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरात दुपारची जेवणं उरकली, सासूबाई हलीमाबी जरा लवंडल्या, की ती खिडकीशी बसून तो उघडायची. या खेळात आपण चेंडू मारायचा नसतो, पळायचंही नसतं. संघ सांभाळायचा असतो. कोणाला उतरवायचं, कोणाला बाकावर बसवायचं, आणि मुख्य म्हणजे कोणाला काय शिकवायचं, एवढं ठरवायचं. सामने आपोआप होतात.

तिला यात ओढलं गीतांजलीनं. दोघी अमरावतीच्या कॉलेजात एकत्र सॉफ्टबॉल खेळलेल्या. गीतांजली चेंडू फेकणारी पिचर, आणि लुबना समोर उकिडवी बसून तिचे चेंडू झेलणारी कॅचर. एका सामन्यात धाव पुरी करायला घुसलेल्या मुलीची धडक बसली आणि लुबनाचा उजवा गुडघा कायमचा गेला. पुढे जहीरशी लग्न होऊन ती अकोल्याला आली. गीतांजली अमरावतीतच एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मैदानाचं नाव काढलं की लुबना विषय बदलायची, म्हणून गीतांजलीनं तिला हे मोबाइलमधलं मैदान दाखवलं होतं.

दर रविवारी सकाळी ट्रेनिंगचा निकाल लागायचा. त्याचे नियम लुबनाला तोंडपाठ होते. ट्रेनिंगच्या जागा मोजक्या, त्यामुळे एकाला दिली की दुसऱ्याची गेली. विशीतलं पोरगं झपाट्यानं शिकतं. तिशी ओलांडलेल्याला शिकवणं म्हणजे उतार थोपवणं, त्यापलीकडे काही नाही. एकाच खेळाडूला सगळंच शिकवायला जावं, तर त्याला काहीच येत नाही. आणि सराव कितीही करून घ्या, सामन्यात उभं केल्याशिवाय अनुभवाचा आकडा जागचा हलत नाही.

एवढं सगळं ठाऊक असूनही ती मोरालेसच्या बाबतीत अडून बसली होती. मोरालेस तिचा पहिल्या दिवसापासूनचा कॅचर. आता त्याचं वय झालं होतं, हात ढिला पडला होता, तरी ती दर आठवड्याला त्यालाच फेकीच्या ट्रेनिंगला बसवायची. सातो नावाचा तरुण कॅचर मात्र बाकावर बसून होता.

दोघींचे संघ एकाच स्पर्धेत होते, त्यामुळे गीतांजलीला तिकडे बसून सगळं दिसत होतं. एक दिवस तिचा फोन आला.

"लुबना, तू त्या म्हाताऱ्याले अजून थ्रो शिकवून राहिली? कावून वो?"

"मागच्या हप्त्यात त्याचा आकडा पडला नाही."

"पडला नाही म्हंजे वाढला का? इकडे तो सातो गंजून राहिला. आता शिकला तं शिकला, मंग दगड होईन त्याचा."

"सातोले धड चेंडू अडवता येत नाही."

"खेळवलंच नाही तं येईन कसं?"

"मंग मोरालेसचं काय करू? फेकून देऊ का त्याले?"

आवाज नको तितका चढला होता. तो तिला स्वतःलाच ऐकू आला.  गीतांजली म्हणाली, "फेकू नको. कोच कर त्याले."

तो पर्याय लुबनानं पाहिला नव्हता असं नाही. मोरालेसच्या नावाखालीच तो होता. पण एकदा ते बटण दाबलं की परत फिरता येत नाही. माणूस पुन्हा मैदानात उतरत नाही.

हलीमाबींना मोबाइलमधल्या या पोरांची चौकशी करायची भारी हौस. मोरालेस हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचा मुराद करून टाकला होता. त्या दुपारी उठल्या तर सून मोबाइल हातात घेऊन नुसती बसलेली.

"क्या हुआ मुराद को?"

"बुड्ढा हो गया, अम्मी."

"उसके बी घुटने गए क्या?"

"नहीं. उसका हाथ गया."

"फिर तू अपना घुटना कायकू दबा रही?"

लुबनानं खाली पाहिलं. डावा हात खरंच गुडघ्यावर होता. तिनं तो उचलला आणि चहा टाकायला आत गेली.

त्याच आठवड्यात तिनं बटण दाबलं. मोरालेसच्या नावापुढचे धावण्याचे, फेकीचे, फटक्याचे सगळे आकडे पुसले गेले आणि त्यांच्या जागी एकच आला, शिकवण्याचा. तो एवढा मोठा होता की तिला आधी काही चुकलं असं वाटलं. इतकी वर्षं फलंदाजामागं बसून काढलेली, ती खेळानं मोजून ठेवली होती. सातोनं सुरुवातीचे सामने पार घालवले, संघ तळाला गेला. पण पुढे दर रविवारी त्याचा चेंडू अडवण्याचा आकडा थोडा थोडा चढू लागला.

गीतांजलीचा फोन पुन्हा आला तो वेगळ्याच कामासाठी.

"माह्या शाळेत एक पोरगी आहे, आचल. तिवस्याहून येते. हात लोखंडाचा आहे तिचा, पण कॅचिंग येत नाही, अन मले ते शिकवता येत नाही. तू ये."

"माहा गुडघा..."

"तुले खेळाले कोन बोलावून राहिलं?"

लुबना भडकली. "म्हंजे मोरालेसचं नाटक याच्यासाठीच होतं का?"

"नाही वो," गीतांजली हसत सुटली. "तो खरंच पाहवत नव्हता."

शनिवारी लुबना रेल्वेनं बडनेऱ्याला उतरली. तिथून अमरावती गाठून ती शाळेच्या मैदानात शिरली. आचल उंच, रापलेली, कपाळावर आठ्या घालून बघणारी. तिनं पहिलीच मागणी टाकली, "मॅडम, तुमी बसून दाखवा ना."

लुबनाला उकिडवं बसता येत नव्हतं. तिनं कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग मात्र तिचा ताबा सुटला. पाय असे, खांदे असे, ग्लव्ह खाली, नजर वर, फेकताना कोपर इथे! इतक्या वर्षांचं साठलेलं एका दुपारी बाहेर पडलं. आचल आधी जे चेंडू अडवत होती, तेही आता सुटायला लागले. शेवटी तिनं ग्लव्ह काढून जमिनीवर आपटला.

"मॅडम, एका टायमाले एकच सांगा."

लुबना ओशाळली आणि तिला हसूही आलं. मोबाइलवर ही चूक तिनं कधी केली नसती.

"बरं. चेंडू पकडू नको. नुसतं त्याच्या आडवी पड. छातीवर घे."

तेवढं एकच त्यांनी कित्येक शनिवार केलं. पण इथे रविवारी सकाळी निकाल लागत नव्हता. एका शनिवारी आचल भिंतीसारखी उभी राहायची, पुढच्याला चेंडूचा टप्पा पडला की डोळे मिटायची, जणू कधी शिकलीच नव्हती. एकदा आलीच नाही, आणि आली तेव्हा का आली नव्हती ते सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत लुबना विचार करत राहायची. सातोला कधी भीती वाटत नाही. त्याचं कधी घरी भांडण होत नाही, त्याला कधी कंटाळा येत नाही. त्याला शिकवण्यात आपण चुकलो की आकडा सांगतो. या पोरीला आपण काही देतोय की तिच्याजवळचं बिघडवतोय, हे कोण सांगणार?

आंतरशालेय स्पर्धेत गीतांजलीच्या मुली उपांत्य सामन्यापर्यंत गेल्या. तिथे शेवटच्या डावात एक चेंडू आचलच्या पायांमधून सुटला आणि समोरच्यांची धाव झाली. पुढचा चेंडूही तसाच टप्पा पडून उसळला. या वेळी आचलचे डोळे उघडे होते. चेंडू छातीवर आदळला, समोर पडला, आणि तिनं उठता उठता तो दुसऱ्या बेसवर असा फेकला की तिकडे पळत निघालेली मुलगी पोचण्याआधीच बाद झाली. लुबना बाकावरून एकदम उठली. गुडघ्यात कळ आली, ती तिला नंतर कळली.

सामना मात्र त्या एका धावेनं गेला.

आचल झाडाखाली तोंड फिरवून बसली होती. लुबना तिच्या शेजारी जाऊन टेकली.

"माह्यामुळं गेली मॅच."

"एक धाव तुह्यामुळं गेली, एक तुह्यामुळं वाचली. हरलो ते साऱ्याजणी."

आचलनं बाहीनं नाक पुसलं. बराच वेळ गवत उपटत राहिली.

"त्या थ्रोले माहा कोपर बरोबर होता का?"

"नव्हता," लुबना म्हणाली. "खाली होता. पन तू मले इचारलं, हे बरं झालं. येत्या शनिवारी कोपरच पाहू."

"बाकी काही नाही ना?"

"बाकी काहीच नाही."

तिकडून गीतांजली दोघींना पोह्यांसाठी हाका मारत होती. आचल उठली आणि लुबनाला उठायला हात दिला. लुबनानं तो धरला.